पापुद्रा सुटतो तिथे: सँडविच पॅनलमधली चीर ओळखायची, मोजायची आणि अडवायची कशी

दसरा उलटला, वारा पडला, की धाराशिवच्या भूम-वाशीकडच्या माळांवर आणि बीडच्या पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यात पवनचक्क्यांच्या पात्यांची दुरुस्ती सुरू होते. दर हंगामाला दोन-चार नवी पोरं येतात. कुणी लातूरहून डिप्लोमा केलेला, कुणी परभणीच्या आयटीआयचा. पहिल्या दिवशी मी पात्याच्या पोटावर नाणं वाजवतो, एक जागा दाखवतो, आणि उत्तर ठरलेलं असतं: "दादा, इथं तर काहीच दिसंना." रंग शाबूत असतो, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. आत मात्र तळहाताएवढी स्किन, म्हणजे वरची साल, कोरपासून, म्हणजे आतल्या हलक्या गाभ्यापासून, सुटलेली असते.

हा लेख त्या पोरांसाठी आहे. वाळूजला फायबरचे पॅनल ओतणाऱ्यांनाही तो चालेल, आणि नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनाही. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. सँडविचमध्ये, म्हणजे दोन पातळ स्किन आणि मध्ये कोर असलेल्या पॅनलमध्ये, चीर आहे का, हा अर्धाच प्रश्न आहे. ती आपल्याला सापडेपर्यंत किती मोठी होईल, आणि तोवर पॅनल भार पेलत राहील का, हा पूर्ण प्रश्न. डॅमेज टॉलरन्स म्हणतात ते याच प्रश्नाच्या उत्तराला.

पहिली पायरी: ज्वारीचं ताट वाकवून बघा

कडब्याच्या पेंढीतून एक जाडसर, वाळलेलं ताट काढा. बाहेर चिवट, चकचकीत साल. आत भेंड: नखाने दाबला तर चेपतो, वजनाला नगण्य. लहानपणी याच भेंडाच्या आणि सालीच्या काड्यांच्या बैलगाड्या आपण केल्या. नुसता भेंड काही पेलत नाही आणि नुसती साल म्हणजे लवलवती पट्टी. पण दोन्ही एकजीव असल्यामुळे माणसाहून उंच ताट डोक्यावर कणीस घेऊन वाऱ्यात उभं राहतं.

आता ते दोन्ही हातांनी सावकाश वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. ताणलेली साल बराच वेळ तग धरते. आधी हार खाते ती दाबाची बाजू: साल सुरकुतते, भेंडापासून वर उचलली जाते आणि मग एकदम घडी पडते. सँडविच पॅनलचं मरणही बहुतेक वेळा असंच येतं, म्हणून हे एकदा स्वतःच्या हातांनी अनुभवलेलं बरं.

पॅनलमध्ये सालीच्या जागी स्किन असते, म्हणजे ग्लास किंवा कार्बन कापड आणि ते घट्ट धरून ठेवणारं रेझिन. भेंडाच्या जागी कोर असतो: पीव्हीसी किंवा पीईटी फोम, बाल्सा लाकूड, नाहीतर मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंब. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे ब्रिटिश विमान १९४० साली पहिल्यांदा उडालं, त्याचं अंगही बर्चच्या प्लायवूडमध्ये बाल्सा घालून केलेलं होतं. म्हणजे कल्पना नवी नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, ते घनाच्या हिशोबात कळतं. एक सपाट शीट घ्या. तिचे निम्म्या जाडीचे दोन थर करा आणि मध्ये कोर घालून एकूण जाडी मूळच्या दुप्पट करा. दोनाचा घन ८, त्यातून कोरच्या जाडीचा घन १ वजा: ताठपणा ७ पट. एकूण जाडी चौपट केली तर ६४ वजा २७, म्हणजे ३७ पट. हलका हनीकोंब वापरला तर वजन वाढतं जेमतेम ५-६ टक्के.

पण हा सगळा फायदा एका अटीवर मिळतो. स्किन कोरला चिकटलेली राहिली पाहिजे. दोन्ही स्किन पूर्ण सुटल्या तर उरतात निम्म्या जाडीच्या दोन सुट्या शीट, आणि त्यांचा ताठपणा मूळ शीटच्या पावपट. ३७ वरून पाववर. म्हणून आपलं सगळं लक्ष त्या चिकटलेल्या रेषेवर.

दुसरी पायरी: नाव नीट घ्या

साइटवर सगळ्यालाच 'क्रॅक' म्हणायची सवय आहे. ती सोडा. चार वेगळ्या दुखण्यांना एकच नाव दिलं की औषधही चुकतं. आपल्या भाषेत चांगले वेगवेगळे शब्द आहेत.

स्किनच्या रेझिनमध्ये बारीक रेघ पडते, धागे शाबूत असतात, तो तडा. माठाला जातो तसा. त्याने ताकद लगेच फारशी जात नाही, पण पाण्याला वाट मिळते. धागेच तुटले तर ती चीर. तिथे स्किनची ताणाची ताकद खरोखर गेली. कोरच्या आत, साधारण ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत फाटतं ती भेग. मे महिन्यात काळ्या रानाला पडते तशी आतून खोल. कोरवर कातरण्याचा भार जास्त झाला की ती पडते. आणि स्किन कोरपासून सुटते, तो सुटलेला पापुद्रा. कागदोपत्री याला डिबाँड म्हणतात. स्किनचेच थर एकमेकांपासून सुटले तर डिलॅमिनेशन.

हे चौघं एकमेकांचे नातेवाईक आहेत. कोरमधली तिरकी भेग वर सरकत स्किनपर्यंत पोचते, स्किन फोडणं तिला जमत नाही, मग ती वळते आणि स्किनच्या खालून आडवी पळते. सुरुवात भेगेने होते आणि शेवट सुटलेल्या पापुद्र्यात. उलटंही घडतं: वरून हातोडी पडते, खाली कोर चेपतो, स्किन परत उसळून सरळ होते आणि मध्ये पोकळी राहते. वरून खूणही दिसत नाही.

पुढच्या हिशोबात मात्र सोयीसाठी यांतल्या कुठल्याही पुढे सरकणाऱ्या फटीला मी चीरच म्हणतो. चिरेला पुढे ढकलण्याच्या तीन तऱ्हा आहेत. उघडणं, म्हणजे केळ्याची साल सोलतो तसं वर ओढणं. सरकणं, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा तिरपा करतो तसं. आणि कडेने टरकावणं. प्रत्यक्षात तिन्ही मिसळलेले असतात, आणि कोणती तऱ्हा किती यावर चीर कोरमध्ये शिरेल, चिकट रेषेत राहील की स्किनमध्ये चढेल हे ठरतं. नवख्याने सर्वांत जास्त भ्यावं ते उघडण्याला. त्याला लागणारी ऊर्जा सहसा सर्वांत कमी असते.

तिसरी पायरी: ढकलणारा कोण ते शोधा

पवनचक्कीच्या पात्यातल्या चिरेला ढकलते ती फेऱ्यांची संख्या. पातं मिनिटाला १५ फेरे घेतं असं धरा. दर फेऱ्यात त्याचं स्वतःचं वजन एकदा एका कडेला ताणतं, एकदा दाबतं. वर्षाला जवळपास ७९ लाख वेळा. २० वर्षं अखंड फिरलं तर १५ कोटींहून जास्त. वाऱ्याचे झटके वेगळेच. एकेका फेऱ्याचा भार किरकोळ असतो, पण तो थकत नाही, पॅनल थकतं.

दुसरा ढकलणारा मार. १ किलोचा पाना २ मीटरवरून पडला की जवळपास २० ज्यूल. आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. २५ मिलिमीटरच्या गारेचं वजन साधारण साडेसात ग्रॅम. उभ्या पॅनलवर ती फार काही करत नाही. पण फिरत्या पात्याचं टोक सेकंदाला ८० मीटर वेगाने तिच्यावर जाऊन आदळलं तर तीच गार २४ ज्यूलचा दणका देते, पान्याच्या मारापेक्षा जास्त. म्हणून गारपिटीचा अंदाज असताना चक्की थांबवणं शहाणपणाचं.

तिसरा ढकलणारा आतला दाब. तो समजायला चुलीपुढे बसा. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी का फुगते? आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती पापुद्रा उचलून धरते. भाकरीत आपल्याला तेच हवं असतं. पॅनलमध्ये तेच घडलं की अनर्थ.

१९९९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत नासाच्या एक्स-३३ यानाच्या टाकीचं हेच झालं. टाकी कार्बन स्किन आणि हनीकोंबची, आत द्रवरूप हायड्रोजन. अतिथंडीत आतल्या स्किनला बारीक तडे गेले, वायू हनीकोंबच्या घरांत शिरला. चाचणी संपून टाकी रिकामी केली, ती गरम होऊ लागली, अडकलेला वायू फुगला आणि बाहेरची स्किन कोरपासून उखडली. भार वाहताना टाकी टिकली होती. नंतर, शांतपणे उभी असताना गेली.

विमानात हा दाब दर उड्डाणाला येतो. जमिनीवर हनीकोंबच्या बंद घरांत एक वातावरणाइतका दाब असतो. ३५,००० फुटांवर बाहेरचा दाब त्याच्या पावपटीखाली जातो. आतली हवाही थंड होते, म्हणून फरक अर्ध्या वातावरणाचाच धरू. स्किन ३० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात सुटलेली असेल, तर तिच्यावर आतून सुरुवातीला साडेतीनशे किलोहून जास्त रेटा बसतो. उतरलं की नाहीसा, उडालं की परत. ६ मार्च २००५ रोजी क्युबातल्या वरादेरोहून क्यूबेकला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३१० विमानाचं सँडविच बांधणीचं सुकाणू ३५,००० फुटांवर जवळजवळ सगळंच तुटून पडलं. विमानात २७१ माणसं होती, वैमानिकांनी ते परत वरादेरोला सुखरूप उतरवलं. कॅनडाच्या तपासयंत्रणेने निष्कर्ष काढला की त्या सुकाणूंसाठी ठरवलेली तपासणी सगळे दोष पकडण्याएवढी पुरेशी नव्हती. मला या प्रकरणातलं हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चीर असणं क्षम्य आहे. ती वाढतेय आणि बघणाऱ्याला दिसूच शकत नाही, हे नाही.

चौथी पायरी: कान तयार करा

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आई काय करते? बोटाच्या पेराने वाजवते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. टॅप टेस्ट म्हणजे हेच, आणि विमानांच्या देखभालीतही ती अजून चालते.

हलकं, बोथट नाणं किंवा टॅपिंग हातोडी घ्या. पॅनलवर पेन्सिलने साधारण अडीच सेंटीमीटरच्या चौकटी आखा आणि एकही चौकट न गाळता, एकाच जोराने वाजवत जा. आधी पक्की चांगली माहीत असलेली जागा वाजवून कानात सूर बसवा. बद्द जागा सापडली की तिची कड शोधा: चारी बाजूंनी आत येत जा, आवाज बदलला तिथे टिंब. टिंबं जोडली की आकार मिळतो. त्याचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. हे काम वारा उठण्याआधी, सकाळी करा, आणि शेजारी ग्राइंडर चालू असेल तर करूच नका.

आता याच्या मर्यादा, कारण याच ठिकाणी नवखे फसतात. पातळ स्किनवर कान चांगला चालतो. स्किन जाड होत गेली की दोन्ही आवाज सारखे वाटू लागतात आणि अल्ट्रासाऊंडशिवाय गत्यंतर नसतं. वरून वाजवून खालच्या बाजूची स्किन कळत नाही, तिला तिच्याच बाजूने वाजवावं लागतं. फोमचा तुकडा बदलतो, खाली फळी किंवा जोड येतो, तिथेही आवाज बदलतो, म्हणून आतला नकाशा हातात हवा. हनीकोंबमध्ये पाणी शिरलंय का हे थर्मल कॅमेऱ्याने छान दिसतं: दिवस मावळल्यावर कोरडा भाग पटकन निवतो, पाण्याची घरं उबदार राहतात.

आणि एक दोष असा आहे की तो कानालाही कळत नाही, बऱ्याचदा यंत्रालाही नाही. स्किन कोरला टेकलेली आहे, पण चिकटलेली नाही. साच्याचं मेण पुसलं गेलं नव्हतं, हाताचं तेल लागलं होतं, सँडिंगची धूळ राहिली होती, रेझिन लावायला उशीर झाला. आवाज खणखणीत येतो, ताकद शून्य. याला नंतर पकडण्याचा भरवशाचा उपाय नाही. तो बनवतानाच टाळावा लागतो, आणि प्रत्येक पॅनलबरोबर त्याच रेझिनचा, त्याच दिवशीचा एक छोटा तुकडा बनवून तोडून बघावा लागतो. मी याबाबतीत हट्टी आहे. तो तुकडा नसेल तर त्या पॅनलबद्दल मी काहीही लिहून देत नाही.

पाचवी पायरी: स्वतः सोलून मोजा

आता या लेखातलं माझं सर्वांत आवडतं काम. पापुद्रा सोलायला किती ऊर्जा लागते हे वर्कशॉपमध्ये मोजता येतं.

ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली काचेबद्दल एक साधा विचार मांडला: चीर पुढे सरकली की साठवलेली ऊर्जा सुटते, आणि नवा पृष्ठभाग उघडायला ऊर्जा खर्च होते. सुटणारी ऊर्जा खर्चाला पुरली की चीर चालू लागते. आपण हा खर्च मोजायचा, दर चौरस मीटरला किती ज्यूल.

घनमीटरला ८० किलो घनतेचा, २० मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी फोम घ्या. दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची ग्लासची स्किन चढवा. वरची स्किन चढवण्याआधी एका टोकाला ६० मिलिमीटरपर्यंत पातळ टेफ्लॉनची फिल्म ठेवा. तिथे स्किन चिकटणार नाही, म्हणजे चीर आपण आधीच पेरून ठेवली. पॅनल पूर्ण पक्कं झालं की ५० मिलिमीटर रुंद, २५० लांब पट्ट्या कापा. खालची स्किन जाड प्लायवर घट्ट चिकटवा. वरच्या स्किनच्या सुट्या टोकाला लहान बिजागरी इपॉक्सीने बसवा, तिची ओढण्याची रेषा टोकापासून १० मिलिमीटर आत. म्हणजे सुरुवातीची चीर ५० मिलिमीटर. पट्टीच्या कडेला व्हाइटनर फासून त्यावर मिलिमीटरच्या खुणा करा. पांढऱ्यावर चिरेचं टोक दिसतं, एरवी फोमवर डोळे फुटले तरी दिसत नाही.

बिजागरीला हुकाचा डिजिटल वजनकाटा लावा, काट्याच्या वर आट्याची सळई आणि नट. नट फिरवला की स्किन वर उचलली जाते. काट्याला वजनं टांगून हे करू नका. कारण ऐका. वजन टांगलं की भार कायम राहतो, आणि चीर लांबली की ढकलणारी ऊर्जा वाढत जाते. मग एकदा सुटलेला पापुद्रा शेवटपर्यंत फर्रकन सुटतो आणि हातात एकच आकडा येतो. नटाने ओढलं तर उलट होतं: चीर सरकली की भार आपोआप उतरतो, चीर थांबते, वाचन घ्यायला सवड मिळते. एका पट्टीतून सहा-सात आकडे निघतात. काटा सळईबरोबर फिरू देऊ नका आणि ओढ सरळ उभी राहील हे बघा.

नट सावकाश फिरवा. काट्यावरचा आकडा चढेल, मग किंचित घसरेल. त्या क्षणी चीर सरकली. तीन गोष्टी लिहा: भार, टोक किती उचललं, चीर कुठवर आली. टोकाचं उचलणं भागिले भार, याला म्हणायचं लवचिकता. समजा चीर ५० मिलिमीटरवर असताना लवचिकता न्यूटनला ०.०७ मिलिमीटर आली आणि ६० वर ०.१२. म्हणजे १० मिलिमीटरमध्ये ०.०५ ने वाढली, दर मिलिमीटरला ०.००५. चीर सरकली तेव्हाचा भार ६० न्यूटन, काट्यावर साधारण ६.१ किलो. आता भाराचा वर्ग ३६००, भागिले रुंदीची दुप्पट १००, म्हणजे ३६. गुणिले ०.००५. उत्तर ०.१८ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजेच १८० ज्यूल प्रति चौरस मीटर.

या एका आकड्यापेक्षा तुलनेतून जास्त शिकाल. एक पट्टी मेच्या दुपारी पत्र्याखाली सोला, एक पहाटे. एक आठवडाभर पाण्यात ठेवलेली. एक मुद्दाम नीट सँडिंग न केलेली. आकडे शेजारी-शेजारी लिहा, हिशोब कधीच विसरणार नाही.

आणि सोललेल्या स्किनचं पोट बघायला चुकू नका. त्यावर फोमचा सारखा चुरा चिकटलेला असेल तर तुटला फोम, चिकटवण नव्हे. काम चांगलं झालंय. स्किन खालून स्वच्छ, चकचकीत निघाली तर चिकटवणच खोटं होतं, मग आकडा कितीही बरा येवो. वाकड्या साच्यात बसावा म्हणून फोमला चिरा पाडलेल्या असतात, त्यांत रेझिन भरून कडक भिंती होतात. चीर त्या भिंतीशी अडखळते, उडी मारते, कधी कोरमध्ये घुसते. ते उडीचं ठिकाण वहीत काढून ठेवा.

सरकण्याच्या तऱ्हेसाठी पट्टी तीन बिंदूंवर वाकवतात. ते पुढच्या वर्षी. आधी हे हातात बसू दे.

सहावी पायरी: उरलेली ताकद किती

पापुद्रा सुटलाय, मोजलाय. आता पॅनल वापरायचं की थांबवायचं?

दाबाच्या बाजूची सुटलेली स्किन ही आधार नसलेली पातळ चकती. ती किती दाबाला फुगेल हे जाडी भागिले आकार, याच्या वर्गावर ठरतं. २ मिलिमीटरची ग्लासची स्किन, ताठपणा २० गिगापास्कल, सर्व बाजूंनी सारखा दाब धरला तर १०० मिलिमीटर व्यासाची चकती साधारण ४३ मेगापास्कलला फुगते. २०० मिलिमीटर व्यासाची ११ ला. आकार दुप्पट, ताकद चौथाई. आणि फुगणं हा शेवट नसतो, सुरुवात असते: फुगलेली स्किन आपल्या कडेला वर ओढते, म्हणजे चिरेला उघडण्याची तऱ्हा आयती मिळते, चकती मोठी होते, आणखी कमी दाबाला फुगते. ज्वारीच्या ताटाची घडी अशी पडली होती.

म्हणून पहिलं बघा, सुटलेली जागा दाबाच्या बाजूला आहे की ताणाच्या. तेवढाच पापुद्रा ताणाच्या बाजूला असेल तर सवड जास्त असते. वाकणं दोन्ही दिशांना होत असेल तर दोन्ही बाजू दाबाच्याच समजा.

विमानवाल्यांनी या निर्णयाला शिस्त लावली आहे, ती आपण उसनी घ्यावी. त्यांच्याकडे नुकसानाचे पाच वर्ग आहेत. जे तपासणीत दिसणारच नाही इतकं बारीक, ते घेऊनही पॅनलने आयुष्यभर पूर्ण भार पेलला पाहिजे, म्हणजे सेवेत कधी काळी येईल त्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट. जे ठरावीक तपासणीत सापडेल, ते तोवर त्या सर्वांत मोठ्या भाराला टिकलं पाहिजे. जे जाता-येता कुणालाही दिसेल, त्यालाही थोडक्या दिवसांसाठी हीच अट. चौथा वर्ग पक्षी धडकला, इंजिनचा तुकडा लागला अशा, वैमानिकाला तिथल्या तिथे कळणाऱ्या प्रसंगांचा: तेवढं उड्डाण नीट पार पडलं पाहिजे. आणि पाचवा, गाडी येऊन धडकली वगैरे, आराखड्यात न धरलेला. त्याला उपाय एकच, ज्याच्या हातून घडलं त्याने लगेच सांगणं. पात्यावर पाना पडला आणि कुणी बोललं नाही, तर पुढची सगळी गणितं खोटी ठरतात. नव्या पोरांना मी सांगतो: पाना पडला म्हणून कुणाची हजेरी कापली जाणार नाही, लपवला म्हणून मात्र तुम्ही माझ्याबरोबर वर चढणार नाही.

दिसणं जितकं अवघड, तितकी उरलेली ताकद जास्त हवी. अख्खी शिडी या एका नियमावर उभी आहे.

सातवी पायरी: चिरेच्या चालीवर भरवसा ठेवू नका

धातूत चीर किती वेगाने वाढते याचा अंदाज बांधता येतो, कारण वेग भाराच्या साधारण तिसऱ्या घाताने बदलतो. भार २० टक्के वाढला तर वेग पावणेदोन पट. सुटणाऱ्या पापुद्र्यांत हा घात खूप मोठा असतो. १० धरा: त्याच २० टक्क्यांना वेग सहापट. भाराच्या अंदाजात जराशी चूक झाली की चार वर्षांची सवड आठ महिन्यांवर येते. म्हणून "हळू वाढतेय, पुढच्या हंगामात बघू" हा युक्तिवाद इथे करू नका. बहुतेक ठिकाणी नियम असा ठेवतात की सापडलेली जागा नेहमीच्या भाराखाली मुळीच वाढता कामा नये. वाढली असं दोन मोजण्यांत दिसलं, की दुरुस्ती.

यासाठी दोन मोजण्या एकाच पद्धतीच्या हव्यात. एका माणसाने नाण्याने, दुसऱ्याने हातोडीने मोजलेल्या आकारांची वजाबाकी करू नये.

बनवतानाच चिरेच्या वाटेत अडसर घालता येतो. कोरमध्ये ठरावीक अंतरावर मऊ, चिवट पॉलियुरेथेनचे तिरके तुकडे बसवतात. स्किनखालून पळणारी चीर त्यांच्यापाशी वळते, आत शिरते आणि तिथेच अडकते. पॅनल नव्याने आखत असाल तर याचा विचार करा, विशेषतः जिथे कोर संपून भरीव भाग सुरू होतो तिथे. ती कड सर्वांत आधी दुखते.

आठवी पायरी: दुरुस्ती

एक सवय माझ्या डोळ्यांदेखत अनेक ठिकाणी बोकाळली आहे: बद्द जागेला दोन भोकं पाडायची, सिरिंजने रेझिन ढकलायचं, आवाज खणखणीत झाला की रंग मारून मोकळं व्हायचं. एका साइटवर आम्हीही तसंच केलं होतं. पुढच्या हंगामात तीच जागा उघडली. रेझिन पोकळीत वडीसारखं थिजलं होतं, धुळकट फोमला चिकटलंच नव्हतं, आणि पापुद्रा त्याच्या कडेने आणखी पुढे गेला होता. आवाजाचा साक्षीदार तेवढा आपण गमावला होता. तेव्हापासून भार वाहणाऱ्या भागावर मी इंजेक्शन करू देत नाही.

नीट काम असं: सुटलेल्या हद्दीच्या थोडं बाहेरपासून स्किन उतारावर घासत न्या. दर १ मिलिमीटर जाडीला २० ते ५० मिलिमीटर उतार, पात्याच्या मुख्य भार वाहणाऱ्या भागात त्याहून जास्त. बनवणाऱ्याच्या सूचनापत्रात लिहिलेला आकडा शेवटचा. चेपलेला, ओला, भेगाळलेला कोर काढा आणि त्याच घनतेचा तुकडा बसवा. जास्त घनतेचा चांगला, असं वाटतं, पण कडक तुकड्याच्या कडेला नवा ताण जमा होतो. ओलावा पूर्ण सुकवा. मग मूळ स्किनमध्ये धागे ज्या दिशेने, ज्या क्रमाने होते तसेच थर, लहानावर मोठा किंवा मोठ्यावर लहान, सूचनापत्रात असेल तसे. व्हॅक्युम, ठरलेलं तापमान, ठरलेला वेळ. पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. थंडीत पहाटे माळावर पात्याला दव सुटतं, हाताला कळतही नाही, आणि टेकलेला-पण-न-चिकटलेला तो जुना दोष आपण स्वतःच पेरून बसतो. घासताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. ग्लासची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

रेझिन पक्कं झालं की पुन्हा नाणं घ्या. दुरुस्तीच्या कडेपासून हातभर बाहेरपर्यंत वाजवा, बरोबर बनवलेला तुकडा सोलून त्याचं पोट बघा, आणि वहीत लिहा: पात्याचा क्रमांक, बुंध्यापासूनचं अंतर, दाबाची बाजू की ताणाची, सापडलेला आकार, कशाने मोजला, हवेचं तापमान आणि दमटपणा, रेझिनचा बॅच, आणि पुढच्या दसऱ्यानंतर ही जागा पहिली कोण वाजवणार त्याचं नाव.